मोजावे की मोहावे?

या सदराची टपालपेटी कधीच रिकामी नसते. पण या वेळी एक पाकीट उघडलं आणि मी एकटाच खो-खो हसत सुटलो. पत्र आहे नववीत शिकणाऱ्या एका मैत्रिणीचं. ती लिहिते :

"काका, माझ्या मामाच्या जुन्या संगणकावर वाळूच्या टेकडीचं एक सुंदर चित्र आहे. मामा म्हणाला, त्या संगणकाच्या प्रणालीचं नावही एका वाळवंटावरून ठेवलंय. स्पेलिंग एम, ओ, जे, ए, व्ही, ई. मी वाचलं 'मोजावे'. धाकटा भाऊ लगेच म्हणाला, 'बरोबर आहे, वाळूचे कण मोजावे!' मग आम्ही ॲटलास काढला. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात तोच शब्द सापडला, पण तिथं जे च्या जागी एच! म्हणजे 'मोहावे'. आता तुम्हीच सांगा, वाळू बघून मोजावे की मोहावे? मामा नुसता हसतो आणि म्हणतो, दोन्ही चूक."

मामाचं बरोबर आहे. इंग्रजीत या शब्दाचा उच्चार होतो 'मोहावी', आणि जोर द्यायचा मधल्या 'हा'वर. जे लिहा नाहीतर एच लिहा, उच्चार एकच. गोष्ट इथं संपवता आली असती. पण शब्दाचं शेपूट धरून मी जरा ओढलं, तर भलतीच लांब गोष्ट बाहेर आली. त्यात एक फसवी नदी आहे, एक चुकीचा अर्थ आहे, आणि तुमच्या वयाच्या मुलांची एक शाळाही आहे. त्या शाळेबद्दल वाचून तुम्हाला हसू मात्र येणार नाही.

आधी त्या जे चं बघू. तो आला स्पॅनिश भाषेतून. स्पॅनिश माणूस जे लिहितो आणि 'ह' म्हणतो. तोही आपला मऊ 'ह' नव्हे, तर घसा खाकरल्यासारखा खरखरीत, 'ख'च्या अंगाने जाणारा. तुमच्यापैकी कुणाचे काका-मावशी कॅलिफोर्नियात असतील तर त्यांच्या तोंडून 'सॅन होजे' हे शहराचं नाव ऐकलं असेल. त्यात 'होजे'चा 'हो' लिहिताना जे च असतो. अक्षर एक आणि आवाज दुसरा, यात आपण हसण्यासारखं काही नाही हं. आपल्या मराठीत 'चार आंबे' मधला च आणि 'गुरं चार' मधला च एकदा मोठ्याने म्हणून बघा. अक्षर तेच, पण जीभ दोन वेगळ्या जागी टेकते. परक्या माणसाने कुठं काय म्हणायचं ते आपण लिहून कुठं ठेवलंय?

कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना हा सगळा मुलूख एके काळी स्पेनच्या राजाच्या आणि नंतर मेक्सिकोच्या ताब्यात होता. त्यामुळे तिथल्या नावांवर स्पॅनिश जे चा शिक्का बसला. पुढे इंग्रजी बोलणारे लोक आले. त्यांनी कानावर पडलं तसं एच घालून लिहिलं. आता दोन्ही स्पेलिंगं नांदताहेत, आणि नुसती नांदत नाहीत, तर एकमेकांना खेटून नांदताहेत. त्याकडे येऊच.

मुळात हा शब्द वाळवंटाचा नाहीच. तो माणसांचा आहे. मोहावी नावाचे लोक कोलोरॅडो नदीच्या काठी शेकडो वर्षं राहत आले आहेत. आज जिथं ॲरिझोना, कॅलिफोर्निया आणि नेवाडा ही तीन राज्यं एकमेकांना भेटतात, तो हा भाग. वाळवंट हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर उंट आणि तंबू येतात. या लोकांकडे दोन्ही नव्हते. ते होते शेतकरी! डोंगरातलं बर्फ वितळलं की उन्हाळ्याच्या तोंडाला कोलोरॅडोला पूर यायचा आणि काठावर ताजा गाळ पसरायचा. पूर ओसरला की हे लोक काठीने ओल्या गाळात भोकं पाडून मका, घेवड्यासारखी कडधान्यं आणि भोपळे लावत. आपल्याकडे धरणाचं पाणी मागं हटल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करतात ना, साधारण त्याच जातीची शेती. पाऊस जवळजवळ नाही, पण नदी आहे, म्हणून पोट भरतं.

हे लोक स्वतःला काय म्हणतात ठाऊक आहे? 'अहा मखाव'. त्यांच्या भाषेत 'अहा' म्हणजे पाणी, नदीचं पाणी. 'मखाव' म्हणजे काठाकाठाने, लगत. अहा मखाव म्हणजे नदीकाठचे लोक. रणरणत्या उन्हात मैलोन्‌मैल चालून आल्यावर समोर पाणी दिसलं तर आपल्याही तोंडून 'अहा!' निघेलच की. हा नुसता योगायोग आहे, दोन भाषांचं काही नातंगोतं नाही. पण शब्द लक्षात ठेवायला झकास!

आता हे 'अहा मखाव' परक्यांच्या कानांनी कसं कसं ऐकलं ते बघा. १७७६ साली फ्रान्सिस्को गार्सेस नावाचे एक स्पॅनिश मिशनरी पाद्री कोलोरॅडोच्या काठाने या गावांत पोचले. त्यांनी आपल्या रोजनिशीत या लोकांचं नाव लिहिलं, ते इंग्रजी पद्धतीने वाचलं तर होतं 'जमाजाब'. छे, हे कुठलं नाव? पण आता तुम्हाला जे ची किल्ली मिळालीय. दोन्ही ज काढून तिथं तो खरखरीत ह बसवा : 'हमाहाब'. पुन्हा एकदा भरभर म्हणा : हमाहाब, हमखाव, अहा मखाव. बघा! कान चांगलाच तयार होता पाद्रीबाबांचा. तिथून पुढे समुद्राकडे जायची वाट त्यांना मोहावी लोकांनीच दाखवली. कारण ती वाट त्यांच्या पायाखालची होती. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरचे शिंपले आणायला मोहावी व्यापारी अख्खं वाळवंट पायी ओलांडून जात.

पन्नास वर्षांनी, १८२६ मध्ये, जेडेडाया स्मिथ हा अमेरिकन भटक्या शिकारी तिथं आला. बीव्हरच्या कातड्यांच्या शोधात हिंडणारा माणूस. त्याने नाव लिहिलं 'अमुचाबा'. आपल्याला वाटावं, कुणी 'आमुचा बा' म्हणून हाक मारतंय! त्याच्याही आधी आणि नंतर कुणी कसं, कुणी कसं लिहिलं. प्रत्येकाने आपापल्या कानाप्रमाणे नवं बारसं केलं.

आणि मग १८४४ साली जॉन फ्रीमाँट आला. हा अमेरिकन सैन्यातला नकाशे काढणारा अधिकारी. इथंच सगळी गंमत झाली, तेव्हा नीट लक्ष द्या.

फ्रीमाँट कॅलिफोर्नियातून परत निघाला होता. वाटेत त्याला एक विचित्र नदी लागली. डोंगरात उगम पावणारी ही नदी समुद्राकडे जातच नाही. ती उलट वाळवंटात शिरते, थोडं अंतर वाहते आणि वाळूखाली गडप होते. पुढे कुठंतरी खडक आडवा आला की पुन्हा वर येते, पुन्हा गडप. साधारण पावणेदोनशे किलोमीटरचा हा लपंडाव खेळून शेवटी एका कोरड्या तळ्यापाशी तिचा पत्ताच लागत नाही. स्मिथने वैतागून तिचं नाव 'बेभरवशाची नदी' अशा अर्थाचं ठेवलं होतं. या नदीवर फ्रीमाँटला काही मोहावी प्रवासी भेटले. त्यातल्या एकाला छान स्पॅनिश येत होतं. त्याने सांगितलं की आमची गावं इथं नाहीत, तिकडे लांब मोठ्या नदीवर, कोलोरॅडोवर आहेत. आम्ही इकडे व्यापाराला येतो.

फ्रीमाँटने हे ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं, आणि या फसव्या नदीला नाव देऊन टाकलं 'मोहावी नदी'. बाजाराला आलेल्या पाहुण्यांचं नाव बाजाराच्या रस्त्याला द्यावं, तसं. पुढे ती नदी ज्या वाळवंटात गडप होते त्या वाळवंटालाही तेच नाव चिकटलं. असं करत करत, भरल्या नदीच्या काठच्या माणसांचं नाव कोरड्या नदीला गेलं आणि कोरड्या नदीवरून वाळवंटाला गेलं. आज जगात कुणालाही 'मोहावी' म्हणा, त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहतं रखरखीत ऊन! ज्या नावाच्या पोटात पाणी आहे, त्याचा अर्थ लोकांच्या मनात झाला वाळू.

वाळवंटही काही लहानसहान नाही, बरं का. पसारा सुमारे सव्वा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहून जास्त. यातच ती प्रसिद्ध 'डेथ व्हॅली' आहे. तिचा तळ समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. १० जुलै १९१३ रोजी तिथं ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. हवेच्या तापमानाचा जागतिक उच्चांक म्हणून आजही तीच नोंद मानली जाते. नागपूर-चंद्रपूरच्या दोस्तांनो, तुमचा मे महिना तिथं हिल स्टेशन ठरेल!

आता शब्दकोशाचं काम. तुम्ही इंग्रजी वाचताना हा शब्द साधारण तीन अर्थांनी भेटेल. 'शी इज अ मोहावी' म्हटलं की ती त्या समाजातली. 'शी स्पीक्स मोहावी' म्हटलं की त्यांची भाषा. ही युमन नावाच्या कुळातली, शेजारच्या क्वेचान आणि मारिकोपा भाषांची सख्खी बहीण. आणि 'वी क्रॉस्ड द मोहावी' असं वाक्य आलं की ते वाळवंट. हा शब्द विशेषनाम आहे, म्हणून पहिलं अक्षर नेहमी मोठं. अनेकवचन करताना कुणी शेवटी एस लावतात, कुणी काहीच न लावता 'द मोहावी' म्हणजे ते सगळे लोक असं म्हणतात. दोन्ही चालतं.

याखेरीज हे नाव वाटेल तिथं चिकटवलेलं दिसेल. त्या वाळवंटातला एक अतिविषारी खुळखुळ्या साप आहे, त्याला हेच नाव. एक गाव आहे, त्याच्या विमानतळावरून २१ जून २००४ रोजी 'स्पेसशिपवन' या यानाने उड्डाण केलं आणि माणसाला घेऊन अंतराळाच्या सीमेपार जाणारं ते पहिलं खाजगी यान ठरलं. १९५० च्या दशकात अमेरिकन लष्करात 'मोहावी' नावाचं एक अवजड हेलिकॉप्टर होतं. हेलिकॉप्टरांना मूळ अमेरिकन जमातींची नावं द्यायची त्या लष्कराची रीतच आहे. आपल्या हवाई दलात २०१९ साली दाखल झालेली 'अपाची' आणि 'चिनूक' हेलिकॉप्टरं तुम्ही संचलनात पाहिली असतील. तीही माणसांचीच नावं आहेत, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत होतं? मला तरी बरीच वर्षं नव्हतं. आणि ॲपल कंपनीने २०१८ मध्ये आपल्या संगणकप्रणालीला हे नाव दिलं, ती तर मामाकडे आहेच.

आता जे आणि एच यांचा तंटा. मैत्रिणीने विचारलंय, परीक्षेत कुठलं लिहू? तर वाळवंट आणि ती लपंडाव खेळणारी नदी लिहिताना जे घालायचा. ॲरिझोनातला जिल्हा, ज्याला तिकडे काउंटी म्हणतात, तो १८६४ सालापासून एच वाला. त्याच्या शेजारी कोलोरॅडोवर डेव्हिस धरणामागे अडवलेला जलाशय आहे, तोही एच वाला. नदीकाठी १८५९ साली अमेरिकन लष्कराने एक किल्लेवजा ठाणं बांधलं, 'फोर्ट मोहावी'. ते जे ने लिहितात. पण त्याच्या जवळ आज वसलेलं त्याच नावाचं गाव एच ने लिहितात! म्हणजे पाटी बघायची आणि पाटीवर असेल ते लिहायचं. दुसरा नियम मला तरी सापडला नाही.

आणि खुद्द ते लोक काय लिहितात? हा प्रश्न खरं तर सगळ्यांत आधी विचारायला हवा होता. त्यांची दोन अधिकृत मंडळं आहेत. 'फोर्ट मोहावी इंडियन ट्राइब' हे एक. त्यांची राखीव जमीन तिन्ही राज्यांत पसरलेली आहे. ते जे लिहितात. नदीच्या खालच्या अंगाला पार्कर गावाजवळ दुसरी मोठी राखीव जमीन आहे. तिथं मोहावी लोक चेमेहुएवी, होपी आणि नवाहो या तीन समाजांबरोबर राहतात. ते एच लिहितात. एकाच समाजाची, एकाच नदीवरची दोन घरं आणि दोन स्पेलिंगं.

असं असलं की विद्वानही घसरतात. १९०७ मध्ये अमेरिकेत मूळ रहिवाशांबद्दलचा एक जाडजूड सरकारी कोश निघाला. त्यात मोहावी शब्दाची फोड दिली होती 'हमोक' म्हणजे तीन आणि 'आवी' म्हणजे डोंगर. म्हणून 'तीन डोंगर'. दोन्ही शब्द त्या भाषेतले खरे आहेत. जवळच सुयांसारखे टोकदार सुळकेही आहेत, त्यावरून तिथल्या एका गावाचं नावच 'नीडल्स', म्हणजे सुया. मग काय, सगळं छान जुळलं! पुस्तकांमागून पुस्तकं 'तीन डोंगर' छापत राहिली. साठ वर्षांनी, १९६७ साली, लॉरेन शेरर या अभ्यासक बाईंनी जुन्या रोजनिशा आणि कागदपत्रं चाळून, मोहावी लोकांशी बोलून एक सविस्तर लेख लिहिला आणि दाखवून दिलं की नाव डोंगरांचं नाहीच, नदीकाठचं आहे. नदीकाठच्या माणसांना हे आधीपासून माहीत होतं. विचारायला कुणी गेलं नव्हतं, इतकंच.

की विचारलं तरी सांगायची सोय उरली नव्हती? आता त्या शाळेबद्दल सांगतो.

१८९० मध्ये लष्कर त्या ठाण्यातून निघून गेलं आणि सैनिकांच्या बराकींत सरकारने मुलांसाठी निवासी शाळा सुरू केली. मोहावी मुलांना घरापासून तोडून तिथं ठेवलं जाई. मुलांना नवी इंग्रजी नावं दिली गेली. शाळेत फक्त इंग्रजी बोलायचं. आपल्या भाषेत बोलताना कुणी सापडलं तर फटके. जरा कल्पना करा, रात्री अंथरुणात आईची आठवण आली तर आईला हाक कुठल्या भाषेत मारायची, हेसुद्धा आधी विचार करून ठरवायचं. सुमारे चाळीस वर्षं ही शाळा चालली. त्या मुलांची मुलं झाली, तेव्हा अनेकांनी आपली भाषा मुलांना शिकवलीच नाही. मार बसू नये म्हणून. तुम्हीआम्ही कुठलं स्पेलिंग बरोबर म्हणून वाद घालतो. तिथं मूळ शब्दच तोंडातून काढायला बंदी होती.

याच काळात नदीचंही रूप बदललं. १९३० च्या दशकात वरच्या अंगाला प्रचंड हूवर धरण झालं, मग खाली आणखी धरणं. पूर थांबले, गाळ थांबला, जुनी शेती संपली. तो एच वाला जलाशय सांगितला ना, 'लेक मोहावी', तो धरणाच्या पाण्याचा. पूर अडवायचा, आणि त्या पुरावर जगणाऱ्यांचंच नाव अडवलेल्या पाण्याला द्यायचं. नकाशावर तो निळाशार दिसतो. पर्यटक नावा चालवतात.

भाषा मात्र अगदी विझली नाही. काही म्हाताऱ्या माणसांनी ती धरून ठेवली, विशेषतः गाण्यांत. मोहावींची 'पक्ष्यांची गाणी' म्हणून प्रसिद्ध गीतं आहेत. वाळलेल्या भोपळ्यात बिया घालून केलेला खुळखुळा वाजवत एकामागून एक रात्रभर म्हणायची. या गाण्यांतून प्रवासाची वाट उलगडत जाते, वाटेतल्या जागा सांगितल्या जातात. म्हणजे ती ऐकली की डोक्यात नकाशा तयार! फ्रीमाँटच्या नकाशाच्या कितीतरी आधीचा, आणि नावं चुकीच्या नदीला न देणारा. १९९२ मध्ये पामेला मन्रो या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी आणखी दोघीजणींच्या साथीने त्या भाषेचा शब्दकोश सिद्ध केला. म्हणजे आता निदान कुणी 'तीन डोंगर' म्हणाला तर कोश उघडून दाखवता येतं.

आणखी एका मोहावी ताईंबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. नाव नताली डिआझ. जन्म १९७८, त्याच नीडल्स गावचा. त्या आधी बास्केटबॉलपटू होत्या, तेही साध्यासुध्या नव्हेत, युरोप-आशियात व्यावसायिक सामने खेळलेल्या. खेळ सुटल्यावर त्या कवयित्री झाल्या. आणि मग आपल्या राखीव गावी परत येऊन, ज्यांना ही भाषा अजून सराईत येत होती अशा मूठभर म्हाताऱ्या माणसांजवळ बसून त्यांनी ती नोंदवण्याचं आणि शिकवण्याचं काम हाती घेतलं. २०२१ साली त्यांच्या कवितासंग्रहाला पुलित्झर पारितोषिक मिळालं. आपल्या समाजाच्या नावाचा अर्थ सांगताना त्या 'नदीकाठचे लोक' एवढ्यावर थांबत नाहीत. नदी आमच्या शेजारून नाही, आमच्या अंगातूनच वाहते, असा त्यांचा रोख असतो. आता सांगा, हा अर्थ स्पेलिंगमध्ये कुठं बसवायचा, जे मध्ये की एच मध्ये?

अलीकडची एक बातमीही आहे. मोहावी लोक ज्या डोंगरातून आपली उत्पत्ती झाली असं मानतात, तो नेवाडातला डोंगर इंग्रजी नकाशांत 'स्पिरिट माउंटन' होता. मार्च २०२३ मध्ये अमेरिकन सरकारने त्याच्या भोवतालची पाच लाख एकरांहून जास्त जमीन राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवली. या वेळी स्मारकाला नाव दिलं ते त्यांच्याच भाषेतलं, 'आवी क्वा आमे'. त्यातला 'आवी' तुम्ही ओळखला असेलच. मघाशी तीन डोंगरांच्या घोटाळ्यात भेटलेला तोच डोंगर. अमेरिकन वृत्तनिवेदकांना आता हे नाव उच्चारायची तालीम करावी लागते. करू दे की!

तर मैत्रिणी, तुझ्या पत्राचं उत्तर असं. परीक्षेत वाळवंट लिहिताना जे. बोलताना 'मोहावी'. मामाला विचार, संगणकावरच्या या नावाचा अर्थ काय. 'वाळवंट' म्हणाला, तर या वेळी हसायची पाळी तुझी.

ता. क. : धाकट्या भावासाठी खास. मोहावीच्या वाळवंटात बहुतेक जमीन दगडगोट्यांची आणि खुरट्या झुडपांची आहे. वाळूच्या टेकड्या थोड्याच ठिकाणी आहेत. त्यातल्या केल्सो नावाच्या टेकड्या मात्र दोनशे मीटरपर्यंत उंच आहेत. त्यांच्या उतारावरून कोरडी वाळू घसरू लागली की खालून घुमल्यासारखा 'घूंऽऽ' आवाज येतो, एखादं विमान लांबून जावं तसा. कण मोजत बसलास तर तो ऐकायचा राहून जाईल.

पुढच्या अंकात असाच एक जे वाला शब्द घेऊ. तो एका मिरचीचा आहे, आणि त्याच्या पोटात मेक्सिकोतलं एक गाव लपलंय. ओळखा, आणि पत्राने कळवा.

— तुमचा काका